भिक्खू इत्सिंग आणि समुद्रापारचे श्रीविजय



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीच्या पोरांनी आग्रह धरला. आम्ही पडलो सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा पंडितासारखे लिहिणे आम्हाला जमणार नाही. पण एका भिक्खूची गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, ती सांगतो.

चिनी प्रवासी म्हटलं की आपल्या मुलांना फाहियान आणि ह्यूएनत्संग ही दोन नावं पाठ असतात. तिसरं नाव इत्सिंग. ते बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरायचं. परंतु या तिसऱ्या माणसाने असं एक काम करून ठेवलं आहे की, एक अख्खं साम्राज्य जग विसरून गेलं होतं, ते त्यांच्या लिखाणाच्या आधाराने पुन्हा सापडलं. त्या साम्राज्याचं नाव श्रीविजय. आजच्या इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, मुसी नदीच्या काठी, जिथे आज पालेंबांग शहर आहे तिथे त्याची राजधानी होती.

इत्सिंग यांचा जन्म इ.स. ६३५ सालचा, उत्तर चीनमधला. सात वर्षांचे असताना त्यांना विहारात ठेवलं. ज्या गुरूंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं ते गुरू इत्सिंग बारा वर्षांचे असतानाच वारले. दुसऱ्या गुरूंनी त्यांना वयाच्या विसाव्या वर्षी उपसंपदा दिली आणि सांगितलं की, विनय नीट शिक. पाच वर्षे त्यांनी फक्त विनय शिकला. भिक्खूने कसं बसावं, कसं जेवावं, पाणी कसं गाळून प्यावं, चीवर कसं नेसावं. हे शिकता शिकता त्यांच्या लक्षात आलं की, आपल्याकडे एकेका नियमाचे चार-चार अर्थ लावले जातात. भाषांतराचं भाषांतर होऊन आलेलं आहे. खरं काय ते मूळ ठिकाणी जाऊन, मूळ भाषेत वाचल्याशिवाय कळायचं नाही. भारतात जायची इच्छा लहानपणापासूनच होती. ती पुरी व्हायला मात्र वयाची छत्तीस वर्षे उलटावी लागली.

निघताना चार-पाच जण बरोबर यायला तयार होते. कोणाची आई म्हातारी, कोणाला दुसरीकडे ओढ. एकेक करून सगळे गळाले. शेवटी राहिला एक तरुण भिक्खू. आपल्याकडे मोर्चाला निघताना असंच होतं, हे आम्ही अनुभवाने जाणतो. इत्सिंग आपल्या वारलेल्या गुरूंच्या समाधीवर गेले, हयात गुरूंचा आशीर्वाद घेतला आणि इ.स. ६७१ साली दक्षिण चीनच्या कँटन बंदरातून एका इराणी व्यापाऱ्याच्या जहाजात बसले.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळी जहाजं वाऱ्यावर चालायची. वर्षातले काही महिने वारा एका दिशेने, काही महिने उलट्या दिशेने. चीनमधून निघालेलं जहाज सरळ भारतात पोचायचं नाही. मधल्या सामुद्रधुनीत थांबायचं, वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने वाट बघायची, मग पुढे. जिथे जहाजं थांबतात तिथे माल उतरतो, जकात बसते, गोदामं होतात, वस्ती वाढते. सुमात्रा आणि मलाया यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या समुद्रावर ज्याचा ताबा, त्याच्या हातात चीन आणि भारत यांच्या व्यापाराची किल्ली. ती किल्ली श्रीविजयच्या मलय राजांच्या हाती आली होती.

वीस दिवसांच्या आत इत्सिंग श्रीविजयला उतरले. बरोबरचा तरुण भिक्खू इथेच आजारी पडला आणि परत गेला. आता ते एकटे. परंतु रिकामे बसले नाहीत. सहा महिने इथे राहून त्यांनी शब्दविद्या, म्हणजे संस्कृतचं व्याकरण शिकायला घेतलं. भारताच्या भूमीवर पाय ठेवायच्या आधी भारताची भाषा, आणि ती शिकवणारे कुठे मिळाले, तर सुमात्राच्या बंदरात!

आम्हाला इथे आमची गिरणी आठवते. नवीन पोरगा खात्यात आला की पहिले काही दिवस त्याला साच्याला हात लावू देत नाहीत. आधी कशाला काय म्हणतात ते शिक. साच्यांच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे हाताच्या खुणा शिक. खात्याची भाषा आली की काम आपोआप येतं. भाषा न शिकता जो घाई करतो, त्याचं बोट जातं. इत्सिंग यांना हे न सांगता कळलं होतं.

श्रीविजयच्या राजाने त्यांना मदत केली आणि पुढे मलयू या राज्यात पाठवलं. तिथे दोन महिने काढून ते केदाहला गेले आणि तिथून राजाच्याच जहाजाने निघून इ.स. ६७३ च्या सुरुवातीला बंगालमधल्या ताम्रलिप्ती बंदरात उतरले. तिथेही जवळजवळ वर्षभर भाषाच पक्की केली. मग व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर नालंदेकडे निघाले. वाटेत ते आजारी पडले, चालवेना, तांडा पुढे निघून गेला. एकट्याला गाठून लुटारूंनी अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले. या भागात गोऱ्या माणसाला पकडून बळी देतात असं त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा त्यांनी चिखलाच्या खड्ड्यात उतरून सगळ्या अंगाला चिखल फासला, झाडाची पानं गुंडाळली आणि काठी टेकत टेकत रात्री सोबत्यांना गाठलं. विद्येसाठी माणसाने काय काय सोसलं, ते आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

नालंदेत ते सुमारे दहा वर्षे राहिले. तीन हजारांवर भिक्खू, दोनशेहून अधिक गावांचं उत्पन्न विद्यापीठाला लावून दिलेलं. लहान मुलं सहाव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात कशी करतात, मग पाणिनीची सूत्रं कशी पाठ करतात, हे सगळं इत्सिंग यांनी बारकाईने टिपून ठेवलं. दात कोणत्या काडीने घासावेत, जेवल्यावर हात कसे धुवावेत, हेही लिहिलं. मोठ्या माणसाला बारीकसारीक गोष्टींची लाज वाटत नाही.

इकडे इत्सिंग नालंदेत शिकत होते, तिकडे श्रीविजयमध्ये काय चाललं होतं? दगड बोलतात. इ.स. ६८२ चा एक शिलालेख पालेंबांगजवळ सापडला आहे. दापुंता ह्यांग नावाचा पुढारी सैन्य घेऊन निघाला आणि विजय मिळवला, असा त्यात मजकूर आहे. अक्षरं दक्षिण भारतातली पल्लव वळणाची, काळ शक संवतात, संस्कृत शब्द जागोजागी, पण भाषा तिथल्या लोकांची, म्हणजे जुनी मलय. मलय भाषेतला तारीख असलेला हा सर्वांत जुना लेख मानतात. राजाने संस्कृतात लिहून पंडितांना खूष केलं नाही. लोकांना कळेल अशा बोलीला दगडावर मान दिला. आमच्या मते या साम्राज्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

दुसरा लेख इ.स. ६८४ चा. श्री जयनास राजाने श्रीक्षेत्र नावाची बाग लावली. नारळ, सुपारी, साबुदाण्याचा माड, फळझाडं, बांबू, तळी. हे सगळं प्राणिमात्रांच्या कल्याणासाठी, असा संकल्प. त्यात बोधिचित्ताचा आणि त्रिरत्नाचा उल्लेख आहे. सामान्यांच्या मलय बोलीत बुद्धाचा धम्म दगडावर उतरला, तो हा.

पण आम्ही एकच बाजू सांगणार नाही. त्याच काळातला आणखी एक दगड आहे. त्याच्या माथ्यावर सात फण्यांचा नाग कोरलेला. त्यावर पाणी ओतून ते प्यायला देत आणि राजाशी बेइमानी केलीस तर हे पाणी तुझा जीव घेईल अशी शपथ घालत. शपथ कोणाकोणाला, तर राजपुत्रांपासून कारकून, व्यापारी, जहाजाचे तांडेल, राजाचे धोबी आणि गुलाम इथपर्यंत. म्हणजे बाग होती आणि धाकही होता. साम्राज्य म्हटलं की राबणारे हात आले, आणि त्या हातांवर नजरही आली. परंतु त्या धाकाच्या दगडावरसुद्धा धोब्याची आणि तांडेलाची नोंद राहिली, हे कष्टकऱ्याच्या डोळ्यांतून सुटू नये.

इ.स. ६८५ साली इत्सिंग नालंदेहून निघाले. बरोबर सुमारे चारशे ग्रंथ, पाच लाख श्लोकांचा ऐवज. परतीच्या वाटेवरही लुटारू भेटले, जिवावर बेतलं होतं, पण ग्रंथ वाचले. ते पुन्हा श्रीविजयला आले तेव्हा जयनासाची बाग नुकतीच वाढीला लागलेली होती, आणि पूर्वी वेगळं असलेलं मलयू आता श्रीविजयमध्ये सामील झालं होतं. ही नोंदही इत्सिंग यांनीच केली आहे.

घरी जायची घाई त्यांनी केली नाही. या बंदरातच बसून भाषांतराला सुरुवात केली. काम वाढलं, कागद आणि शाई संपत आली. तेव्हा चीनला पत्र धाडून कागद, शाई आणि नक्कल करणारे लेखनिक मागवावेत म्हणून ते नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जहाजावर चढले. तेवढ्यात वारा अनुकूल झाला. व्यापाऱ्याने शिडं उभारली आणि जहाज सुटलं! इत्सिंग जहाजावरच. उतरायची सोय नाही. ग्रंथ सगळे श्रीविजयला आणि हे निघाले चीनला. इ.स. ६८९ साली असे न ठरवता ते कँटनला पोचले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आलो आहे तर राहतो. इत्सिंग यांनी चार मदतनीस जमवले आणि त्याच वर्षी पुन्हा जहाजात बसून श्रीविजयला परतले. ग्रंथ सोडून घर नको. ही निष्ठा!

श्रीविजयमध्ये बसून त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक, भारतात आणि दक्षिण समुद्रातल्या देशांत बौद्ध आचार कसा पाळतात त्याचं. दुसरं, धम्मासाठी पश्चिमेकडे गेलेल्या छप्पन्न भिक्खूंच्या चरित्रांचं. त्यातले कितीतरी वाटेतच मेले. त्यांची नावं कोणी घेतली नसती. इत्सिंग यांनी एकेकाची आठवण लिहून ठेवली.

या पुस्तकांत ते सांगतात की, श्रीविजयच्या तटबंदीच्या नगरात हजाराहून अधिक भिक्खू आहेत, त्यांचा अभ्यास आणि आचार भारतातल्यासारखाच आहे. शाक्यकीर्ती नावाचे थोर आचार्य तिथे होते. चीनहून भारतात जाणाऱ्या भिक्खूने आधी इथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी, मग पुढे जावं, असा सल्ला त्यांनी दिला. आणखी एक महत्त्वाची नोंद म्हणजे, काही चिनी भिक्खू तिथे संस्कृतबरोबर कुन्लुन भाषाही शिकत. ही कुन्लुन भाषा म्हणजे बंदराबंदरांत चालणारी जुनी मलय, असं अभ्यासक समजतात. बाजारातली बोली शिकायला भिक्खूंना कमीपणा वाटला नाही.

त्यांतल्या ता-त्सिन नावाच्या भिक्खूच्या हाती इ.स. ६९२ मध्ये त्यांनी आपली पुस्तकं पुढे पाठवली आणि ६९५ साली स्वतः मायदेशी परतले. चीनच्या गादीवर तेव्हा वू ही सम्राज्ञी होती. ती त्यांना सामोरी आली, मोठा सत्कार झाला. त्यानंतर मरेपर्यंत एकच काम, भाषांतर. छप्पन्न ग्रंथ, दोनशे तीस खंड. ज्या विनयाचा अर्थ लागत नाही म्हणून घर सोडलं होतं, तोच विनय मूळ भाषेतून चिनी भाषेत आणला. इ.स. ७१३ साली त्यांचं निर्वाण झालं. पंचवीस वर्षे परदेशात, त्यातली दहाएक वर्षे श्रीविजयमध्ये.

त्यांनी सांगितलेली वाट पुढे खरी ठरली. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि पाल राजा देवपालाने त्याच्या खर्चासाठी पाच गावं लावून दिली. तो ताम्रपट नालंदेच्या उत्खननात मिळाला आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीविजयच्या राजाने नागपट्टणमला विहार उभारला, त्यालाही चोळ राजाने गाव दिलं. आणि बंगालचे आचार्य अतीश दीपंकर तर उलट दिशेने गेले. सुवर्णद्वीपाच्या धर्मकीर्ती आचार्यांपाशी बारा वर्षे शिकले आणि पुढे इ.स. १०४२ मध्ये तिबेटात धम्म घेऊन गेले. म्हणजे भारताने दिलं तसं घेतलंही. शिकायला समुद्र ओलांडून जावं लागलं तर भारताचा आचार्यही गेला.

इ.स. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाच्या आरमाराने श्रीविजयवर हल्ला केला. राजधानी लुटली गेली. त्यानंतर हळूहळू सगळं ओसरलं. लाकडाची घरं, लाकडाची जहाजं, नदीच्या गाळात गेली. लोक नावही विसरले. १९१८ साली जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडिताने शिलालेखांतलं श्रीविजय आणि इत्सिंग यांच्या पुस्तकासारख्या चिनी कागदपत्रांतलं शि-लि-फो-शि ही एकाच राज्याची नावं असल्याचं दाखवून दिलं. तेव्हा जगाला कळलं की इथे एवढं मोठं राज्य होतं.

साम्राज्य बुडालं. पण भाषा? ती बुडाली नाही. फिलिपाइन्समध्ये इ.स. ९०० चा एक ताम्रपट सापडला आहे, बराचसा जुन्या मलय भाषेतला. त्यात काय आहे? कुठल्या राजाची स्तुती नाही. एका घराण्याचं सोन्याचं कर्ज माफ झालं, मुलाबाळांनाही आता ते देणं लागणार नाही, याचा दाखला आहे. कर्जमाफीचा कागद ज्या भाषेत होतो ती भाषा गरिबाच्या घरात पोचलेली असते. पुढे मलाक्का बंदर, मग इस्लाम आला, डच आले, इंग्रज आले. लिपी बदलली, धर्म बदलला, मलय चालूच राहिली. १९२८ साली इंडोनेशियातल्या तरुणांनी शपथ घेतली की आपली एकतेची भाषा ही. जावानीज बोलणारे लोक तिथे सर्वांत जास्त, तरीही मोठ्या गटाची भाषा इतरांवर लादली नाही, बंदराची बोली सगळ्यांनी स्वीकारली. आज २७ कोटींहून जास्त लोकांच्या देशाची ती राष्ट्रभाषा आहे. मलेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूर इथेही मलय भाषेला राष्ट्रभाषेचा मान आहे.

आणि त्या भाषेत आपले शब्द कसे नांदतात बघा. भाषेला ते म्हणतात बहासा. शिक्षकाला गुरु, विद्यार्थ्याला सिस्वा, माणसाला मनुसिया. मुसलमान बांधव रमजानचा रोजा धरतो त्याला म्हणतो पुआसा, म्हणजे आपला उपवास. स्वर्गाला सुर्गा, पापाला दोसा. बायकोला म्हणतात इस्त्री! आपल्या मुलांना हसू येईल, पण तो स्त्री हाच शब्द. चिंता म्हणजे तिकडे प्रेम. लक्ष म्हणजे लाख नव्हे, दहा हजार. संसार शब्दाचा झाला सेंगसारा, अर्थ दुःख आणि हालअपेष्टा. बुद्धाने संसाराबद्दल जे सांगितलं ते त्या भाषेने शब्दातच गाठ मारून ठेवलं. धर्म या शब्दापासून देर्मा झाला, अर्थ दान. आणि विहार शब्दापासून बियारा, मठ या अर्थी. १९४५ साली सुकार्नो यांनी नव्या राष्ट्राची पाच तत्त्वं मांडली. त्यांचा मजकूर आपल्या पाच शीलांपेक्षा वेगळा, पण नाव दिलं पंचशील. राज्य गेलं, राजा गेला, धर्मही बहुतेकांचा बदलला, तरी शब्द राहिला.

बंधू-भगिनींनो, हे सगळं सांगण्यामागे आमच्या पोटात एक दुखणं आहे. आम्ही वीस वर्षे वंदना म्हटली ती पाठांतराची. अर्थ कळत नव्हता, कळत नाही हे सांगायची लाज वाटत होती. पन्नाशीच्या जवळ आल्यावर आपल्या विहारातल्या रविवारच्या पाली वर्गात पोरांबरोबर मांडी घालून बसलो. पहिल्या वर्षी वर्गात बावीस मुलं होती. आज चार आहेत. आईबाप विचारतात, याचा नोकरीला काय उपयोग? प्रश्न खोटा नाही. गिरणीत नोकरी काय चीज असते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तरी सांगतो. इत्सिंग यांच्या काळी हातात तलवार असलेले, जहाजं असलेले, सोनं असलेले पुष्कळ होते. त्यांच्यातल्या एकाचंही घर आज दाखवता येत नाही. राहिला तो कागद-शाईसाठी जहाजावर चढलेला भिक्खू, आणि राहिली ती बंदराची बोली.

नालंदा एकाच ठिकाणी नसते. वाटेत जिथे थांबावं लागतं तिथे चार माणसं शिकायला बसली की तिथे श्रीविजय होतं. आपली वस्तीही अशीच कुठून कुठून आलेल्या, पोटासाठी थांबलेल्या माणसांची आहे. म्हणून या वर्धापन दिनी आमचं एवढंच मागणं आहे. दर रविवारी वंदनेनंतर एका शब्दाचा अर्थ सगळ्यांनी मिळून समजून घ्यावा. एकच शब्द. वर्षाला बावन्न होतील. चार मुलं आहेत, तिथे पाचवा म्हातारा विद्यार्थी आम्ही आहोतच. सहावे आपण या.

नमो बुद्धाय. जयभीम.